कमूसाठी केलेली वाट

जीप दाभोशाच्या फाट्यावर थांबली, तेव्हा हेमंतचा थोरला भाऊ देवजी रस्त्यातच येऊन उभा होता. अंगात धुतलेला सदरा, केसांना तेल. मागे त्याची बायको नवशी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. हेमंतने टपावरून चाकांची खुर्ची खाली घेतली, उलगडली आणि मागच्या दारातून बायकोला, कमूला, दोन्ही हातांवर उचलून तिच्यात बसवलं. दहा वर्षांच्या हर्षालीने आईचे पाय एकेक करून खालच्या पाटीवर ठेवले, लुगडं सारखं केलं. या तिघांना आता याची इतकी सवय झाली होती की कुणी कुणाला काही सांगत नसे.

नवशीने कमूवरून पाणी ओवाळून लांब फेकलं. "आली गं माझी बाय! अडीच वर्सांत शेताचं तोंड नाय पाह्यलंस."

"शेतानं तरी माझं कुठं पाह्यलं?" कमू म्हणाली, आणि सगळे हसले.

अडीच वर्षांपूर्वी, रोपांची जागा भाजायला लागतो तो पाला तोडायला कमू ऐनाच्या झाडावर चढली होती. फांदी तिच्या वजनाने मोडली नाही, तिचाच पाय निसटला. कमरेखालचं अंग त्या दिवशी गेलं ते गेलं. हेमंत जव्हारला कचेरीत कारकून. त्याने तिथेच एक खोली घेतली आणि कमूला कायमचं नेलं. तेव्हापासून रोपांची आवणी कधी झाली, भात निसवलं कधी, हे तिला बाजारात येणाऱ्या बायांच्या तोंडून कळे. अपंगांच्या शिबिरात खुर्ची मिळाली ती यंदाच, उन्हाळ्यात. आणि खुर्ची मिळाल्या दिवसापासून तिने एकच धोशा लावला होता, भात पिकलं की मला शेतावर न्या.

सहलीची हौस तिला नव्हती. तिला बी घ्यायचं होतं.

लग्नात सूर्यमाळहून येताना आईने तिच्या ओटीत नारळाबरोबर एक पुरचुंडी बांधून दिली होती. तांबड्या तांदळाचं भात. वरून टरफल चारचौघांसारखंच पिवळं, पण आत दाणा तांबडा, आणि रोपाच्या बुडाशी बोटभर जांभळा रंग. कमूने ते पंधरा वर्षं लावलं. बी घ्यायची आईची रीत होती. पिकात विळा घालण्याआधी, ज्या बाईने बी जपलं तिनेच पिकात शिरायचं आणि उभ्या भातातून भरदार लोंब्या हाताने खुडायच्या. खुडता खुडता आई गुणगुणायची:

पहिली माझी मूठ, बियाच्या गं भाताची
उभ्या पिकातून घ्यावी, विळ्याआधी हाताची

आई गेली. भाऊ आता दुकानातलं बी आणतात, सूर्यमाळला ते भात कुणाकडे उरलं नव्हतं. कमू पडली तेव्हापासून दोन पावसाळे तिचंही पेरायचं राहिलं. निरगुडीच्या पाल्यात ठेवलेलं बी तिसऱ्या वर्षी उगवेल याचा भरवसा नव्हता. म्हणून यंदा होतं नव्हतं ते सगळं, तीन मुठी, तिने हेमंतजवळ दिलं होतं. देवजीदादांना म्हणावं, एका कोपऱ्यात वेगळं लावा. देवजीने ते लावलं, आणि भाद्रपदात निरोपही पाठवला, तुझं भात कंबरेएवढं झालंय.

"आता बघ गंमत," देवजी म्हणाला. त्याने हेमंतला बाजूला सारून खुर्चीच्या मुठी स्वतः धरल्या. "तू नुसती बस."

फाट्यापासून खळ्यापर्यंत पूर्वी तीन बांध चढून उतरून जावं लागे. आता समोर वाट होती, सरळ, रुंद, उताराची. बांध फोडले होते. धुम्मसाने ठोकून जमीन बसवली होती आणि वरून चक्क शेणाने सारवलं होतं, जसं खळं सारवतात तसं. खुर्चीची चाकं तिच्यावरून अशी गेली, की कमूला कुठे खडा लागला नाही.

"दादा, हे कव्हा केलंत?"

"आठ दिस लागले. हा शेजारचा लाडक्या होता मदतीला, तो दुसऱ्या दिशी पळाला. म्हणतो, वयनीसाठी का आमदारासाठी?" देवजी खदखदून हसला. "मी म्हटलं, आमदार येतो पाच वर्सांनी, आमची कमू दर साल येणार."

"सारवलं मात्र मी," नवशी मागून म्हणाली. "ते नाय सांगायचे."

कमूही हसत होती. हसता हसता तिची नजर वाटेच्या कडेला गेली. फोडलेल्या बांधापाशी कापलेल्या भाताची खुंटं उभी होती, धुम्मसाच्या मारातून वाचलेली. खुंटांच्या बुडाशी जांभळा रंग होता.

तिने चाकावर हात दाबला. खुर्ची थांबली.

"काय झालं? पाय आखडला का?" हेमंत पुढे आला.

"नाय." तिने वाकून एका खुंटाला बोट लावलं. ओल गेली होती, खुंट वाळून कडकड वाजत होतं. "दादा, माझं भात हितं लावलं होतं?"

"हितंच तर! रस्त्याच्या कोपऱ्यात. म्हटलं, जीपमधून उतरल्या उतरल्या तुला दिसलं पायजे. मग हेमंत म्हणाला, खुर्ची खळ्यापर्यंत यायला पायजे. वाट दुसरीकडून काढायची तर खडकच खडक. मग हेच कापलं आधी." तो तिच्या खांद्यावरून पुढे झुकला. "तू भिऊ नको. एक दाणा वाया घालवला नाय. सगळं झोडून राशीत घातलंय."

हेमंतने खुंटाकडे पाहिलं. त्याने दोन निरोप आणले होते, वेगळं लावा आणि वाट करा. विळा घालू नका, हा निरोप कमूने दिलाच नव्हता. तिच्या माहेरी तो कुणी देत नसे. बियाच्या भाताला आधी कापायचं नाही, हे तिथे रांगत्या पोरालाही कळे.

खळ्यावर भाताची रास होती, हर्षालीच्या डोक्याएवढी उंच. खळ्याच्या कडेला सगळ्यांनी चपला काढल्या. हर्षाली धावत जाऊन राशीला हात जोडून आली. देवजीने खुर्चीची चाकं ओल्या फडक्याने पुसली, चारही, आणि मगच तिला खळ्यावर घेतलं.

"चाकाला काय चप्पल म्हणायचं का पाय, ते मला नाय समजलं," तो म्हणाला. "म्हणून पुसून घेतलं."

कमूने राशीत हात घातला. कोपरापर्यंत घातला. आत गार होतं. मूठ भरून वर काढली तर पिवळे दाणे, सगळे सारखे. तिने एक दाताखाली फोडला. पांढरा. दुसरा पांढरा. सहावा की सातवा तांबडा निघाला. हर्षालीने पाहिलं आणि टाळी वाजवली, "आई, सापडला!" कमूच्या तळहातावर त्याचे दोन तुकडे पडले होते.

अजून एक मार्ग होता. या राशीतलं भात पुढच्या साली बियाला ठेवायचं, सगळं लावायचं, आणि आवणीनंतर चिखलात फिरून जांभळ्या बुडाची रोपं तेवढी ओळखायची. पण फिरणार कोण? आणि नुसतं ठेवा म्हणायचं तरी का ते सांगावं लागणार. तिने विचारून पाहिलं.

"दादा, यातलं थोडं बियाला ठेवता?"

"हे? बियाला?" देवजीला गंमतच वाटली. "अगं, आता पंचायत समितीची पिशवी येते. हे सगळं परवा गिरणीवर. तुला दोन पोती तांदूळ पाठवतो ना, बियाचं काय घेऊन बसलीस!"

तो बोलताना हात पुढे करून होता. तळहातांवर फोड आले होते, फुटले होते, त्यांवर हळद लावली होती. धुम्मसाचा दांडा आठ दिवस धरलेले हात. कमूने हातातलं भात परत राशीत सोडलं. हेमंत तिच्याकडे पाहत होता. त्याला कळलं होतं, आणि तो बोलणार होता. तिने त्याला नुसती मान हलवून नको म्हटलं.

"वाट कशी झाली, ते नाय सांगितलंस," देवजी म्हणाला.

"चांगली झाली, दादा. एकदापण हिसका नाय बसला."

आणि हे खोटं नव्हतं.

दुपारी नवशीने नाचणीची भाकरी, उडदाचं पिठलं आणि वाळलेल्या माशांची चटणी वाढली. हर्षाली पेंढ्यांच्या उडवीवर चढून चार वेळा घसरली. देवजीने कमूला सगळं शेत लांबूनच दाखवलं, कुठे वरई लावली, कुठे डुकरांनी नासाडी केली. ती हुंकार भरत राहिली. तिच्या जिभेवर त्या कच्च्या तांबड्या दाण्याची चव होती. भाकरीने ती गेली नाही, पाण्याने गेली नाही.

उन्हं कलल्यावर देवजीनेच खुर्ची पुन्हा फाट्याकडे वळवली. कापलेल्या शेतात गुरं सोडली होती. एक वासरू चरत चरत वाटेच्या कडेला आलं, फोडलेल्या बांधापाशी. त्याने मान वाकवली आणि ते जांभळ्या बुडाची खुंटं मुळापासून उपटून खाऊ लागलं.

"ए हाऽऽट!" देवजीने ढेकूळ उचललं. "वाट उकरतंय हरामखोर!"

"मारू नका, दादा," कमू म्हणाली. "चरू द्या त्याला. गोड असतं ते."