जाळीची लांबी

१९८१ साली मी जहाजबांधणीच्या कचेरीत नकाशे काढत होते. तटरक्षक दलासाठी बचावाचं गस्ती जहाज बांधायचं होतं. बुडणाऱ्यांना वर चढता यावं म्हणून बाजूने सोडायची दोरांची जाळी माझ्या वाट्याला आली. जहाजाच्या इंधनटाक्या तेलाने भरलेल्या धरून मी तिची लांबी काढली. "हातभर पाण्यात राहील, पुष्कळ झालं," म्हणत साहेबांनी सही ठोकली.

जहाज तयार झाल्यावर धाकटा दीर त्यावरच खलाशी झाला. "वहिनी, जहाजावरच्या बिछान्यांच्या मापाला कुणाला झोपवलं होतं, मांजराला?" असं चिडवायचा.

पुढच्या वर्षी मच्छीमारांची एक होडी बुडाली. तीन दिवसांच्या शोधानंतर माणसं सापडली, तोवर टाक्या रित्या होत आल्या होत्या आणि हलकं झालेलं जहाज पाण्यातून वर आलं होतं. जाळी हाताला लागत होती, पण पाय रोवायला पाण्याखाली दोरच नव्हता. गारठलेल्या सातांपैकी दोघेच वर आले.

घरी जेवताना दिराने विचारलं, "जाळीचा नकाशा कुणी काढला होता?"

"मी."

"तेल संपलं की जहाज वर येतं, हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, भाऊजी. ध्यानात आलं नाही."

तो ताटावरून उठला.

चौकशीत सगळा दोष समुद्राच्या माथी गेला. साहेब मानाने निवृत्त झाले. मी जाळी पुरुषभर वाढवली; जहाजाने पुढे एकवीस वर्षं माणसं वाचवली. दीर नोकरी सोडून बंदरात पहारेकरी झाला आणि मरेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलला.