रडणारा वाडगा

"रडला! वाडगा रडला!"

आखातातल्या खलिफा सिटीत, एका व्हिलाच्या अंगणात एकच गलका उठला. ऑगस्टची दमट संध्याकाळ, तरी झाडून सगळी मराठी मंडळी एसी सोडून बाहेर घाम पुसत उभी. मधोमध मखमली गादीवर एक दगडी वाडगा, आणि त्याच्या अंगावर खरोखरच टपोरे थेंब!

"एडिथमॅडमचे टिअर्स आहेत हे!" प्रकाशगुरू गहिवरले. "ब्रिटिश लेडी. उम्म अल कुवैनला वाळूतली थडगी उकरून गेली. त्यातलाच हा वाडगा. आत्मा गिल्टी आहे, हबीबी! एक थेंब प्या, शुगर खलास!"

शुभ्रा गर्दीतून पुढे सरकली. या थेंबांपायी तिच्या पप्पांनी, सूर्यकांतनी, चार दिवस इन्सुलिन बंद ठेवलं होतं. वर एडिथ थॉर्नबी म्हणजे तिचं दैवत! पुरातत्त्व शिकायचं वेड तिला या बाईंमुळेच लागलं. एकटीने जीप हाकत आलेल्या, आयुष्यभर वाळू चाळलेल्या एडिथबाई विद्यार्थ्यांना बजावायच्या, वस्तू पाहून हुरळू नका. आधी विचारा, ती होती कुठे?

शुभ्राने तेच विचारलं. "गुरुजी, वाडगा इथे आणण्याआधी कुठे होता?"

"समाधीत!"

"म्हणजे कुठल्या खोलीत?"

गुरुजी खोकले. यजमानीण अनुपमाकाकू भाबडेपणाने म्हणाल्या, "अगं, आमच्या फ्रिजमध्ये. समाधीला थंडावा लागतो म्हणे."

शुभ्रा धावतच आत गेली आणि फ्रिजमधलं हाताला लागेल ते घेऊन आली. ताकाची बाटली, कणकेचा डबा, लोणच्याची बरणी. बघता बघता बाटली रडली, डबा रडला, बरणी तर ओक्साबोक्शी!

"मॅडम लोणच्यातही उतरल्या!" गुरुजी ओरडले.

"यल्ला, चला, मग लोणचंच वाटा तीर्थ म्हणून!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि अंगण खो खो हसत सुटलं.

"काकू, गार गाडीतून उतरलात की तुमच्या चष्म्यावर रोज धुकं धरतं ना? हवेतली वाफ गार वस्तूवर बसते आणि तिचं पाणी होतं. त्या चष्म्याला कधी हार घातलात?" शुभ्राने विचारलं.

एकटे सूर्यकांत हसले नाहीत. "पण मला बरं वाटतंय, बेटा."

"नो पप्पा. काल यू कुडन्ट क्लाइम्ब द स्टेअर्स."

तिने पर्समधल्या बर्फाच्या पाउचमधून त्यांचं इन्सुलिनचं पेन काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. क्षणात त्यावरही थेंब जमले.

"धिस वन इज क्रायिंग टू, पप्पा."

सूर्यकांतना आधी हसू फुटलं, मग डोळे भरून आले. "चल घरी. आधी शुगर चेक कर," म्हणत त्यांनी पेन हातात घेतलं.

मंडळी, चमत्कार दिसला तर जरूर बघा. फक्त हात जोडण्याआधी एडिथबाईंचा प्रश्न विचारा, आणि औषध मात्र चुकवू नका.