न पेलणारा घोडा

आमच्या सुंबा बेटावर, कोडीच्या किनाऱ्यावर पासोला, म्हणजे घोड्यांवरून भालेफेकीचा खेळ, भरतो तेव्हा माणूस पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. दोन्हीकडून घोडे सुटतात, बोथट भाले फेकले जातात, कुणाचा दात जातो, कुणाचा डोळा. रक्त सांडलं की पीक बरं येतं असं म्हातारे म्हणतात, आणि ज्याचं सांडलं तोही संध्याकाळी ओट्यावर बसून पान चघळत तेच म्हणतो. पण रेही पडला तो भाला लागून नव्हे.

समोरून वरच्या गावचा मालो येत होता. रेहीचा काळा घोडा मेते कान मागे टाकून सुटला होता आणि ऐन वेळी रेहीने लगाम खेचला. मेते दोन पायांवर उभा राहिला. रेही त्याच्या पाठीवरून घसरला आणि मैदानाच्या मधोमध, हजार माणसांसमोर, ढुंगणावर आपटला. मालोने भाला उगारलेला होता, तो त्याने फेकलाच नाही. घोडा थांबवून तो वाकला आणि म्हणाला, "ऊठ बाबा. सावकाश ऊठ."

आधी एक बाई हसली, मग सगळं मैदान हसलं. तोवर मोकळा मेते एकटाच शत्रूच्या रांगेपर्यंत धावत गेला, तिथे सफाईने वळला आणि परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. लोकांनी घोड्याला दाद दिली.

मेतेवरचा हा त्याचा तिसरा पासोला होता आणि तिन्ही वर्षं हेच झालं होतं. मेते रेहीच्या बापाच्या घोडीचा. घोडी वीत असतानाच मेली, तेव्हा रेहीची धाकटी बहीण बिरी हिने त्या शिंगराला पेज पाजून वाढवलं. बाप गेला आणि घोडा रीतीप्रमाणे मुलाकडे आला. घोड्याला कुणी विचारलं नव्हतं. मेतेला सैल लगाम लागायचा. रेहीला खेचल्याशिवाय चैन पडायचं नाही. घोडा पळायला लागला की तो घाबरायचा आणि त्याच्या मुठी आपोआप आवळायच्या. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, मेतेच चारचौघांत सांगून मोकळा होत होता.

दुसऱ्या दिवशी आईचा भाऊ जापामामा आला. म्हातारा एके काळचा नावाजलेला स्वार. आता त्याला धड चालवत नव्हतं, पण जिभेला काही झालं नव्हतं.

"विकून टाक," पान तोंडात घालत मामा म्हणाला.

"बापाचा घोडा आहे, मामा."

"बापाला तो पेलत होता. तुला पेलत नाही. त्यात लाज कसली? मोठी चप्पल घालून माणूस पडला तर चप्पल बदलतो, पाय कापत नाही. वर्षभर पोसायचं आणि वर्षातून एकदा पडायचं. त्यापेक्षा एखादं गरीब जनावर घे, तुझ्यासारखं."

आई खाली बघून शेंगा सोलत राहिली. बिरी मात्र हसली. ती बत्तीस वर्षांची झाली होती, लग्न झालं नव्हतं. दोन स्थळं येऊन तिची जीभ ऐकून परत गेली होती.

चार दिवसांनी खुद्द मालोच दारात आला. स्वच्छ मुंडासं बांधलेलं, पानसुपारीची पिशवी पुढे केलेली. पडलेल्या माणसाच्या दारी जसं बोलावं तसं तो बोलला, आधी पावसाचं, मग मक्याचं, मग घोड्याचं.

"दोन रेडे देतो आणि एक गाभण घोडी," तो म्हणाला. "तू म्हणशील तर तिसरा रेडाही बघू. असा घोडा मी या किनाऱ्यावर दुसरा पाहिला नाही."

तेवढ्यात बिरी समुद्रावरून मेतेला धुऊन घेऊन आली. खोगीर नाही, लगाम नाही, नुसती मानेला दोरी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय लोंबकळत, तोंडात पान. मेते अंगणातल्या पूर्वजांच्या थडग्यांमधून असा आला की एका कोंबडीला धक्का लागला नाही. बिरीने नुसतं "हं" म्हटलं आणि तो थांबला.

मालो बघत राहिला. मग म्हणाला, "बाई म्हणून हिला पासोल्यात उतरवता येत नाही, नाहीतर तुमच्या गावाला बघायला नको होतं."

तो कौतुकानेच बोलला. पण रेहीला मैदानावरचं हसणं परत ऐकू आलं.

"कळवतो," तो म्हणाला.

मालो गेल्यावर बिरी म्हणाली, "दादा, देऊन टाक. तो माणूस जनावराला जपतो."

"आणि पुढच्या वर्षी माझ्याच घोड्यावर बसून माझ्यावर येईल तो."

"येऊ दे की. तुला एक भाला लागेल. घोड्याला एकदा तरी धडपणे पळायला मिळेल."

रेहीने हात उचलला, पण आई बघत होती म्हणून खाली घेतला.

त्या आठवड्यात त्याने मेतेला वठणीवर आणायचं ठरवलं. लगामाच्या लोखंडी कडीला त्याने काटेरी तार गुंडाळली आणि बिरी रानात गेली की तो घोडा घेऊन ओसाड किनाऱ्यावर जायचा. खेचलं की मेते थांबायचा, थरथरायचा, तोंडातून तांबडा फेस गाळायचा. दोन दिवस रेहीला वाटलं, जमलं. उलट बरंही वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घोडा त्याला घाबरत होता. तिसऱ्या दिवशी मेतेने त्याला खडकावर आपटलं आणि घरी निघून गेला.

रेही लंगडत पोचला तेव्हा बिरी घोड्याची जीभ मिठाच्या पाण्याने धूत होती. तार तिने ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मालोला निरोप धाड. आज. नाहीतर मी स्वतः जाते आणि का विकतोय तेही सांगते."

रेहीने निरोप धाडला. पौर्णिमेनंतर रेडे घेऊन ये, घोडा घेऊन जा. मालोने होकार कळवला आणि घोड्यासाठी नवा, मऊ दोरीचा लगाम वळायला घेतला, असं निरोप्या सांगत आला. तेही रेहीला लागलं.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी जापामामा मेला. सकाळी कॉफी प्यायला आणि भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही.

मामाच्या मयताला भाच्याने कापायला जनावर न्यायचं ही रीत. रेहीच्या घरात एक रेडा होता, तो पुरला असता. त्याला कुणी नावं ठेवली नसती. सगळी सोयरी मंडळी मामाच्या अंगणात जमली होती, मालोसुद्धा आला होता. गावचे म्हातारे बोलत होते की असल्या स्वाराने पायी जायचं म्हणजे कसं, त्याचा स्वतःचा घोडा तर केव्हाच मेला. मेलेल्याला पलीकडे जायला घोडा लागतो.

रेही उभा राहिला. हे त्याने आधी ठरवलं होतं की तिथे सुचलं, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण तोंड उघडताच सगळं किती नेमकं जुळतंय ते त्याला दिसलं.

"माझा मामा पायी जाणार नाही," तो म्हणाला. "मी मेते देतो."

मग म्हातारे माना हलवायला लागले, बायकांनी गळा काढला. बापाचा घोडा, किनाऱ्यावरचा पहिल्या नंबरचा घोडा, भाच्याने मामासाठी दिला. मालो काही बोलू शकत नव्हता. रेडे देऊन नेतो म्हटलेला घोडा मयताला जातोय म्हटल्यावर तोंड उघडणारा माणूस सुंब्यात जन्मलेला नाही. त्याने फक्त मान खाली घातली.

बिरी बायकांत बसली होती. ती उठून भावाजवळ आली. "रेडा दे," ती हळू म्हणाली. "दादा, मी तुझ्या पाया पडते. रेडा दे."

"बोलून झालंय."

घोडा आणायला दोघे गेले. मेतेने एकाच्या हाताचा लचका तोडला आणि दुसऱ्याला कुडाच्या भिंतीवर फेकलं. चार जण दोऱ्या घेऊन निघाले तेव्हा रेही सगळ्यांसमोर म्हणाला, "बिरी, तू आण. तुझ्याशिवाय यायचा नाही तो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. दोऱ्यांनी आणला तर पाय मोडून, आडवा पाडून, जमेल तिथे घाव घालून मारतील, हे तिला कळत होतं. आणि तिला ते कळतंय हे रेहीला कळत होतं.

ती गेली. थोड्या वेळाने मेते अंगणात आला, तिच्या खांद्यावर नाक टेकवून, मानेला साधी दोरी. प्रेताभोवती तिने त्याला फिरवलं. कोयतेवाला म्हातारा पुढे झाला तेव्हा ती म्हणाली, "एकच घाव, काका. दोन घातलेत तर मध्ये मी येईन." तिने दोन्ही हातांनी घोड्याचे डोळे झाकले. मेतेने तिच्या तळव्यांत फुरफुर केलं. म्हातारा मुरलेला होता, त्याने एकाच घावात काम केलं.

नंतर म्हाताऱ्यांनी रेहीला मध्ये बसवून पान दिलं. आमच्या कोडीत मोठ्या माणसाला त्याच्या घोड्याच्या नावाने हाक मारतात, तशी त्या दिवसापासून लोक रेहीला हाक मारू लागले: मेतेचा धनी. पडल्याची गोष्ट कुणी काढेना. काढायला गेलं तर दुसरा म्हणायचा, अरे, त्याने मामाला काय दिलं ते बघ. रेहीला झोप छान लागायला लागली. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, लागणार नाही.

बिरी त्या घरात तीन महिने राहिली. मग दक्षिणेच्या डोंगरातल्या एका बिजवराचं स्थळ आलं. माणूस पन्नाशीचा, बहिरा, शेळ्या राखणारा. तिने काही विचारलं नाही, हो म्हणाली. आई रडली. रेहीला हायसं वाटलं.

पुढच्या पासोल्याला ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. रेहीकडे आता एक तपकिरी घोडा होता, गरीब, जाडसर, सांगाल तेवढंच पळणारा. त्याच्यावरून रेहीने त्या दिवशी दोन भाले फेकले आणि एक नेमका मालोच्या खांद्यावर बसला. बायकांनी किलकाऱ्या मारल्या. रेही घाम पुसत मैदानाच्या कडेला बहिणीजवळ आला. तिने बघितलंय याची त्याला खात्री करून घ्यायची होती.

बिरीने तपकिरी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, खूर पाहिले, दात पाहिले.

"चांगला आहे," ती म्हणाली. "याला मारायची वेळ तुझ्यावर येणार नाही."

तिचा बहिरा नवरा काय चाललंय ते न कळून दोघांकडे बघून हसला. पलीकडून कुणीतरी मेतेच्या धन्याला हाक मारली, तशी रेहीने घोडा वळवला आणि तो परत मैदानात गेला.