गजावरच्या दोन रेघा

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. खिडकीला असतो तो लोखंडी गज नव्हे, ठासणीच्या बंदुकीचा लाकडी गज. या बंदुकीला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची आणि ती पार तळापर्यंत ठासायची. हे ठासायचे काम माझे. बार उडाला की लोक बंदुकीचे कौतुक करतात, नेम धरणाऱ्याची पाठ थोपटतात. गजाचे नाव कोणी काढत नाही. म्हणून माझे मीच सांगायला बसलो आहे. एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझा स्वभाव फार चांगला नाही. मी मत्सरी आहे.

माझा जन्म चंद्रपूरकडच्या सिंदेवाही भागातला. तिथल्या तुळशीरामजींकडे धानाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती, रानडुकरांना पिटाळायला. त्यांनी धामणीची एक सरळ फांदी निवडली, कारण धामण वाकते पण सहसा मोडत नाही. तीन महिने मला सावलीत वाळवले, काचेच्या तुकड्याने तासले, जवसाचे तेल पाजले. मग चुलीत तार तापवली आणि माझ्या अंगावर दोन रेघा उमटवल्या. रिकाम्या नळीत मला सोडले की पहिली रेघ बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. दारू आणि गोळी मापात भरली असली की दुसरी रेघ तोंडाशी यायची. आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्याकडे पाहिले की कळते.

तुळशीरामजींचा एक नियम होता. बंदूक भरायला घेतली की गज बाहेर निघेपर्यंत तोंड उघडायचे नाही. बायकोने जेवायला हाक मारली तरी ते साधे ‘हो’ म्हणत नसत. ती बिचारी तीनदा ओरडायची आणि मग भाकरी झाकून ठेवायची.

पुढे त्यांचा नातू बबन दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत लागला. म्हाताऱ्यामागे बंदूक त्याच्या नावावर झाली. त्यासाठी किती कागद नागपूर, चंद्रपूर आणि दिल्ली अशा फेऱ्या मारत होते, ते विचारू नका. शेवटी आम्ही दोघे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कुलपाच्या कपाटात राहायला आलो. रानडुकरे संपली. आता रविवार आला की हरियाणाच्या बाजूच्या एका रेंजवर जायचे. तिथे जुन्या पद्धतीच्या बंदुकांचा नाद असलेले पाच-सहा जण जमायचे, सगळे परवान्याचे, सगळे रीतसर. कागदी गोलावर नेम धरायचा, पांढऱ्या धुराचा लोट बघायचा आणि लहान पोरांसारखे खूश व्हायचे. त्यांच्यातले वडीलधारे म्हणजे भाऊसाहेब, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी पहिल्याच दिवशी मला हातात घेऊन वाकवून पाहिले आणि म्हणाले, “बबनराव, बंदूक ठीक आहे. पण हा गज म्हणजे चीज आहे!” ते वाक्य मी वीस वर्षे पुरवून पुरवून खाल्ले.

बबनची मुलगी लुंबिनी तेव्हा सहा वर्षांची होती. माझ्या रेघांवर अंगठा ठेवून ती विचारायची, “बाबा, ही लाइन कसली?” बबन सांगायचा, “ही पहिली म्हणजे घर रिकामं. ही दुसरी म्हणजे पाहुणा आत येऊन नीट बसला.” तिला ‘गज’ हा शब्द कधी आलाच नाही. ती मला ‘स्टिक’ म्हणायची. वाईट वाटायचे, पण तिचा अंगठा मऊ होता, म्हणून मी चालवून घेतले.

आणि मग गेल्या वर्षी मंडळींना चकमकीचे वेड लागले. आमची बंदूक टोपीची. म्हणजे नळीच्या बुडाशी एक तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटला की बार उडायचा. आता सगळ्यांना त्याहून जुनी रीत हवी, गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडायची. बबनने परवानगी काढली आणि गाझियाबादच्या परवानाधारक कारागिराकडून, लतीफमियाँकडून, घोडा बदलून घेतला. नळी होती तीच राहिली. जुना दस्ता तडकला होता. तो मात्र मी घरीच घडवणार, असे बबनने जाहीर केले. सगळा हिवाळा तो बाल्कनीत अक्रोडाचे लाकूड घासत बसला.

“अहो, वरणात भुसा येतोय,” त्याची बायको कौसल्या म्हणायची. “रिटायरमेंटला तीन महिने राहिलेत. लोक नोएडात फ्लॅट बघतात, तुम्ही लाकूड घासताय!”

“बस, एक हात तेलाचा राहिलाय,” बबन म्हणायचा. तो हात काही संपायचा नाही.

मी कोपऱ्यात उभा राहून हे सगळे आनंदाने पाहत होतो. माझ्या सोबतिणीला नवे कपडे शिवले जात आहेत, असेच मला वाटत होते. पण नव्या दस्त्याखाली गज ठेवायची जी खाच खोदली, ती जरा अरुंद झाली. मी तिच्यात मावेना. मला वाटले, बबन खाच रुंद करील. पण दस्ता बसवायला आम्हाला गाझियाबादला नेले, तेव्हा लतीफमियाँ आपल्या कपाटातून एक चकचकीत पितळी गज घेऊन आले.

“लकडी का जमाना गया, बबनजी. ये लीजिए, पीतल का. ना टूटेगा, ना फटेगा. हमारी तरफ से तोहफा.”

तो खाचेत सुळकन शिरला. चाळीस वर्षे जी जागा माझी होती, तिथे तो आडवा झाला. आयत्या बिळावर नागोबा! मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो तुम्हाला काय सांगू. त्याच्या अंगावर एक रेघ नव्हती. त्याने एक डुक्कर पाहिले नव्हते. पण रेंजवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो गेले ते त्याचे. भाऊसाहेबांनी खाली लिहिले, ‘वा, शाही!’ मला त्यांनी कधी शाही म्हटले नव्हते.

माझ्या वाट्याला दोन कामे उरली. एक, नेमबाजी आटोपली की टोकाला ओली चिंधी बांधून नळीतली काजळी पुसायची. म्हणजे पंगत त्याने जेवायची आणि खरकटी मी काढायची. दुसरे काम घरातले. क्वार्टरच्या बाल्कनीत माकडे आली की कौसल्या मला घेऊन धावायची, “भाग! भाग यहाँ से!” धान राखणाऱ्या गजाने वाळत घातलेले सांडगे राखायचे. नव्याची नवलाई नऊ दिवस, असे मी स्वतःला समजावत होतो. नव्वद दिवस झाले तरी ती ओसरेना. मग मी रोज एकच मागणे मागू लागलो. एकदा तरी याची फजिती होऊ दे. चार माणसांत होऊ दे.

सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी लुंबिनी रेंजवर आली. ती आता नोएडात कंपनीत नोकरी करते, सव्वीस वर्षांची आहे. रेंजवर सहा महिने तिचा सराव चालू होता, पण ठासणीच्या बंदुकीचा तो तिचा पहिला बार होता. बबनची छाती नुसती फुगली होती. मी पिशवीत होतो, डोके तेवढे बाहेर.

बबनने बंदूक उभी धरली आणि मापाने दारू ओतली. तेवढ्यात भाऊसाहेब चहा घेऊन आले.

“मग बबनराव, क्वार्टर कधी सोडताय?”

“बघू, एक्स्टेंशनचा अर्ज टाकलाय.”

“अहो, मिळत नाही हल्ली! आमच्या मेव्हण्याला तर नोटीसच आली.”

“अच्छा? कुठल्या ऑफिसातून?”

असे बोलता बोलता बबनने माप पुन्हा भरले आणि पुन्हा ओतले. दोनदा! मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग त्याने गोळी ठेवली, पितळी गज घातला आणि ऐटीत ठासली. त्या गजाला काय कळणार? त्याच्या अंगावर खूणच नाही. तो जितका आत गेला तितका गेला.

खोटे बोलणार नाही. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. झाली याची फजिती, असे वाटले. मग बबनने बंदूक लुंबिनीच्या हातात दिली. आमची नळी जुनी, दुप्पट दारू तिला पेलेल की नाही सांगता येत नाही. नाही पेलली तर फुटली असती, आणि फुटली असती ती या मुलीच्या गालाशी. माझा आनंद जागच्या जागी मेला. मला ओरडायचे होते. पण लाकडाला तोंड कुठून असणार? चार महिने मी जे मागत होतो ते समोर येऊन उभे होते, आणि मला ते नको होते.

लुंबिनीने बंदूक खांद्याला लावली नाही. नळी वर धरून ती बापाकडे पाहत राहिली.

“बाबा, तुम्ही लोड करताना बोलत होतात.”

“अगं, बोलतात सगळेच.”

“पणजोबा नव्हते ना बोलत. पाहुणा नीट बसलाय का?”

“बसलाय गं. बिनधास्त चालव.”

“एक मिनिट. ती स्टिक द्या.”

“ती पुसायची आहे. रॉड आहे ना हा?”

“त्याच्यावर लाइन नाहीये, बाबा. स्टिक द्या ना यार.”

बबनने थोडे चिडूनच मला पिशवीतून काढले. लुंबिनीने मला नळीत हळूच सोडले. मी गोळीवर टेकलो. माझी दुसरी रेघ नळीच्या तोंडाशी यायला हवी होती. ती दोन बोटे वर राहिली.

“काजळी धरली असेल,” बबन म्हणाला.

“पहिल्याच बाराला?” भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “बबनराव, माप किती वेळा ओतलं?”

बबनने दारूच्या मापाकडे पाहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “आठवत नाही.”

 बबनने लुंबिनीचे मनगट जे धरले, ते बराच वेळ सोडलेच नाही.

भाऊसाहेबांनी नळीत पाणी ओतून दारू भिजवली. आता रुतलेली गोळी ओढून काढायची होती. त्यासाठी गजाच्या टोकाला स्क्रू बसवून तो गोळीत फिरवावा लागतो आणि मग जीव खाऊन ओढावे लागते. ते काम पितळी गजाने केले. भाऊसाहेब एका बाजूने आणि बबन दुसऱ्या बाजूने ओढत होते, तो जरासा वाकला, पण सुटला नाही. मी असतो तर दुभंगलो असतो. हे मला तेव्हाही ठाऊक होते आणि ते कबूल करताना माझ्या पोटात दुखले.

घरी आल्यावर बबनने आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. लुंबिनीने कानस घेतली, माझ्या रेघांचे माप धरले आणि त्याच्या अंगावर दोन रेघा ओढल्या. तुळशीरामजींनी मला दिलेली तेवढीच मिळकत होती. पाच मिनिटांत तीही त्याची झाली. पुढच्या आठवड्यात बबनने त्याच्या टोकाला बसणारा ब्रश आणला. आता नळीही तोच पुसतो. मी दाराआड असतो, माकडांची वाट बघत.

मित्रांनो, नवे घरात जरूर आणा. ते कामाचे असते, हे माझ्यासारख्या जळणाऱ्यालाही मान्य करावे लागले. पण जुन्याला कोपऱ्यात उभे करण्याआधी, त्याला जे ठाऊक आहे ते नव्याला शिकवून घ्या. ते आपोआप येत नाही.

माझा मत्सर गेला असे समजू नका. रविवारी सकाळी बबन आणि लुंबिनी निघतात, तेव्हा खाचेत आडवा पडलेला तो झळझळीत गज माझ्यासमोरून जातो आणि माझा जळफळाट होतो. तरी दार लागता लागता मी त्याला दर वेळी एकच सांगतो. बाबा रे, पोरीला नीट घरी आण.