घसा बरा आहे

सकाळी सव्वासातला भागवतला थंडी वाजून आली. दोन गोधड्या टाकल्या तरी खाट हलत होती. टॉन्सिलचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता.

भागवत सेलूच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, कापसाच्या हर्राशीला बोली पुकारायचा. आवाजावरच पोट होतं. म्हणून डॉक्टरांनी ‘बोलणं कमी करा’ म्हटलं, तर त्याने तोंडच मिटून घेतलं.

“बोलला असंल कुणाशी,” त्याची आई बायनाबाई म्हणाली.

“न्हाई ओ आत्याबाई. माझ्याशी सुदिक न्हाई,” त्याची बायको अंबिका म्हणाली.

“मंग झोपंत पुकारला असंल. खोडच हाय त्याला.”

अंबिकाने नवऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. जखम छान भरतेय म्हणाले, तापाच्या गोळ्या दिल्या. दुपारी पुन्हा थंडी भरली. दुसऱ्या डॉक्टरांनीही ‘आ’ करायला लावलं.

“घसा बरा आहे, ताई.”

“घसा बरा हाय, तर माणूस का कुडकुडायलाय?”

“व्हायरल असेल.”

घरी आल्यावर तिने त्याला उशी द्यायला मानेखाली हात घातला, तसा तो कळवळला. डाव्या कानाखाली दोरीसारखं ताठ काहीतरी लागत होतं.

“हे कवापासून?”

भागवतने चार बोटं दाखवली.

“चार दिस! आन् गप बसलात? दोन डॉक्टर झाले, हात लावून दाखवता आलं न्हाई मानंला?”

त्याने गळ्याकडे बोट केलं.

“आवाज, आवाज! जळो तो आवाज!”

तिने त्याला तसंच परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सरळ मानेवर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. ऑपरेशनच्या जागेतून जंतू मानेतल्या मोठ्या शिरेत उतरले होते. तिथे रक्ताची गुठळी धरली होती आणि तिचे तुकडे फुप्फुसात गेलेले छातीच्या स्कॅनमध्ये दिसले.

“फार क्वचित होतं असं,” बाई म्हणाल्या.

“क्वचित, म्हणून कुणी बघायचंच न्हाई का?”

बाईंनी सलाईनमधून अँटिबायोटिक लावलं. रक्त पातळ करायचं औषध द्यावं तर घशाच्या ओल्या जखमेतून रक्त सुटायची भीती, न द्यावं तर गुठळी वाढायची.

“मंग काय करायचं?”

“उद्या पुन्हा बघू. वाढली तर द्यावंच लागेल.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी झाली. गुठळी वाढलेली नाही, कमीही नाही. रक्त पातळ करायचं औषध आजही थांबवलंय. ताप एकशे दोनवर आहे. रक्तातल्या जंतूंचा रिपोर्ट अजून आलेला नाही.