तिसऱ्या ओळीतला सूर

"बाई, तुमच्या पहिल्या गाण्याला माझ्या डोक्यावर केस होते," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"ते काही मी नेले नाहीत हो," आई माइकसमोरून म्हणाली.

काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिस्टशेजारी बसलेल्या मुलीला हसू आलं नाही. आईच्या स्वरतंतूवरची एक रक्तवाहिनी फुगली होती. गळा ताणला आणि ती फुटली, तर आवाज परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी परवा बजावलं होतं. आई मात्र हटून बसली. "एवढं एक गाणं होऊ दे. आणि इथे कुणापाशी बोलायचं नाही."

अडतीस वर्षं ती गात होती. तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या आणि गेल्या, सीड्याही गेल्या. तिच्या गाण्यांवर नाचलेल्यांची पोरं आता नाचत होती. रीत तेवढी एकच राहिली. गाणं जमलं की मुलीने हात वर करायचा. तोवर आई पुन्हा पुन्हा गायची, एकदा तर एकवीस वेळा. नऊ वर्षांची असताना, सगळे वाहवा करत असताना, मुलगी म्हणाली होती, "आई, तिथे चुकलीस." तेव्हापासून आईचा दुसऱ्या कुणाच्या कानावर भरवसा नव्हता.

आई गायली. तिसऱ्या ओळीत वरचा सूर किंचित खाली राहिला.

मुलीने हात वर केला.

रेकॉर्डिस्टने चमकून तिच्याकडे पाहिलं. आईने हेडफोन सरकवले. "चिमे, खरंच?"

मुलीने बोलायचं बटण दाबलं. "छान झालंय."

"ऐकवा हो."

तिसरी ओळ आली आणि आईची मान खाली गेली.

"इतक्या वर्षांत कधी खोटा हात केला नव्हतास."

"मला भीती वाटते गं."

"आणि मला नाही होय? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण असलं लंगडं गाणं मागे ठेवून घरी कशी येऊ?"

"काका, थांबवा तिला."

रेकॉर्डिस्टला काही कळेना. "मी ऐकू कुणाचं?"

"गाते कोण?" आई म्हणाली. "लावा."

मुलीने जीव मुठीत धरला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीत सूर चढत गेला आणि नेमका जागेवर जाऊन बसला. तिथून आईने गाणं सावकाश खाली आणलं, संपवलं. मग काचेतून पाहत तिने काहीतरी विचारलं. ओठ हलले, स्पीकरमधून मात्र काहीच आलं नाही.

"माइक गेला की काय," म्हणत रेकॉर्डिस्ट बटणं चाचपू लागला.

मुलगी उठली, जड दार ढकलून आत गेली. आई पुन्हा तेच विचारत होती. हातभर अंतरावरूनही नुसता श्वास ऐकू येत होता.

"झालं, आई," ती म्हणाली. "अगदी बरोबर झालं. आता बोलू नकोस."