रायफलीच्या तोंडावरची टोपी

लायलनं पान्यावर सगळं अंग टाकलं, तसं टेबलच फरशीवरून इंचभर सरकलं. टेबलावरच्या शेगड्याच्या पकडीत आवळलेल्या रायफलीच्या तोंडावरची टोपी मात्र जागची हलली नाही.

"मोडशील," गॅरेजच्या दारातून त्याची बायको मेविस म्हणाली.

"नाही मोडत."

"काय?"

"नाही मोडत म्हटलं."

बोटभर लांबीची पोलादी टोपी होती ती, दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली. गावात सगळे तिला ब्रेक म्हणत. बार उडाला की आतला वारा भोकांतून बाजूला फेकला जाई आणि खांद्याला बसणारा धक्का निम्म्यावर येई. अकरा वर्षांपूर्वी खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर लायलनं ती स्वतः बसवली होती. पुन्हा म्हणून काढायची नाही अशा बेतानं, आट्यांना चिकटा लावून.

वाऱ्याबरोबर आवाजही बाजूलाच फेकला जातो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं त्याचा विचार केला नव्हता, एवढंच. दर वर्षी एल्क हरणांच्या शिकारीला मेविस त्याच्या उजव्या हाताला दुर्बीण घेऊन बसायची.

सोमवारी कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, मेविसचा डावा कान गेल्यातच जमा आहे, उजवा सांभाळा. चाळीस मैल ट्रक हाकून दोघं घरी परतले. ट्रकमधून उतरताना मेविस म्हणाली, "या वर्षी तू एकटाच जा." शनिवारी शिकारीचा हंगाम उघडत होता.

तेव्हापासून लायल गॅरेजमध्येच होता. एकतीस वर्षं तो कालव्यावर पाटकरी होता. गंजलेली दारं उघडण्यात जन्म गेला. अडलेल्या लोखंडाशी भांडू नये, हे त्यानंच नव्या पाटकऱ्यांना शिकवलं होतं. आता तो स्वतः भांडत होता. रायफलीची नळी घसरू नये म्हणून तिला राळ लावून लाकडी ठोकळ्यांत धरली होती, गॅसच्या बत्तीनं टोपी तीनदा तापवली होती. पोलाद निळसर पडलं. दर वेळी तो कॉफी घ्यायला घरात जाई, कप तसाच ओट्यावर ठेवी आणि परत येई.

बुधवारी संध्याकाळी त्यानं बंदुका दुरुस्त करणाऱ्या ओडेलला फोन लावला.

"चिकटा कुठला लावला होतास?" ओडेलनं विचारलं.

"अकरा वर्षं झाली रे. कुठलं आठवतंय."

"मग उगाच तापवू नकोस, नळीची वाट लावशील. माझ्याकडे टाकून जा. महिन्याभरानं बघतो."

लायलनं फोन ठेवला. "चिकटा कुठला, विचारतोय," तो मोठ्यानं म्हणाला.

मेविस ताटली पुसत होती. "छोटी बाटली होती. आत पांढुरकं पाणी. मलाच आणायला पाठवलं होतंस. दुकानदार म्हणाला, कितीही तापलं तरी सुटायचं नाही."

त्यानं पुन्हा फोन लावला. ओडेल हसत सुटला. "तो चिकटा विस्तवाला भीक घालत नाही, लायल. त्याला पाणी लागतं. दिवसभर टोपी पाण्यात बुडवून ठेव. जन्मभर पाणी सोडलंस, आणि हे मी सांगायचं?"

गुरुवारी सकाळी त्यानं नळी उलटी टांगली आणि टोपी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, गरम पाण्यात बुडवली. मग करायला काहीच उरलं नाही. त्यानं अंगणातली पानं ओढली. गेल्याच महिन्यात बदललेलं ट्रकचं ऑइल पुन्हा बदललं. तासा-तासाला बरणीत डोकावला. दुपारी मेविस सँडविच घेऊन आली, तेव्हा तो पालथ्या बादलीवर बसला होता आणि त्याचा गुडघा सारखा हलत होता.

"ब्रेक बसवलास ना, त्याच वर्षी माझा कान वाजायला लागला," ती म्हणाली. "तीन दिवस आत शिटी वाजत होती."

गुडघा थांबला. "मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू तो काढला असतास. मग त्या खांद्यानं शिकार सुटली असती. आणि शिकार सुटलेला लायल अख्खा हिवाळा घरात घेऊन मी काय केलं असतं? त्यापेक्षा कान परवडला."

त्याला हसू आलं नाही. "निदान बोळा तरी घालायचास."

"घालत होते. मफलरखाली, तुला दिसू नये म्हणून."

तो उठला आणि निवलेलं पाणी बदलू लागला. ती रिकामी ताटली घेऊन गेली.

शुक्रवारी सकाळी त्यानं पाना लावला. या खेपेला नुसता हातानं दाबला. वाळू चिरडावी तसा बारीक आवाज झाला आणि टोपी पाव फेरा फिरली. पुढचे आटे त्यानं बोटांनीच सोडवले.

दुपारी जुन्या खडीच्या खाणीत त्यानं तीन बार काढले. पहिल्याच धक्क्यानं उजव्या खांद्यात अशी कळ गेली, की त्याला खाली बसावं लागलं. नेम जुळलाय का हे कळायला तीन लागतात, म्हणून बाकीचे दोन काढले. येताना दुकानातून झाडं तोडणारे वापरतात तसली जाड कानझाकणी आणि कानात कोंबायचे बोळे घेतले, आणि जेवायच्या वेळी मेविसच्या ताटलीशी ठेवले.

तिनं झाकणी डोक्यावर चढवून पाहिली, काढली. "येडी दिसेन मी."

"एल्क काही म्हणणार नाही."

त्यानं बटाट्यांचं भांडं डाव्या हातानं ओढलं. उजवा हात मांडीवरच होता. तिनं त्या हाताकडे पाहिलं आणि भांडं त्याच्याजवळ सरकवलं.

"किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

"पाचला."

"काय?"

लायल ताटली घेऊन उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसला.

"पाचला," तो हळूच म्हणाला.